कुणाचीच मातृभाषा नसलेल्या इंग्रजीत काम करताना

शब्दवाट (धागाकर्ती)

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. मागच्या महिन्यात एक प्रसंग घडला आणि आता राहवत नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आमच्या टीममध्ये एक जर्मन, एक पोलिश, एक जपानी, एक ब्राझीलचा पोर्तुगीज बोलणारा, एक ब्रिटिश आणि मी. रोजचा कॉल अर्थातच इंग्रजीत. त्या दिवशी कॉल संपत आला होता. जर्मन सहकारी म्हणाला, "वी शट डाउन द सर्व्हर ॲट हाफ सेव्हन." सगळे ओके म्हणाले. मीही म्हणाले आणि वहीत 'साडेसात' लिहून मोकळी झाले. तेवढ्यात ब्राझीलच्या सहकाऱ्याने माइक सुरू केला. आमच्यात सगळ्यात अडखळत इंग्रजी बोलणारा तोच. "सॉरी. सिक्स थर्टी? सेव्हन थर्टी?"

जर्मन म्हणाला, "सिक्स थर्टी." त्याच क्षणी ब्रिटिश म्हणाला, "सेव्हन थर्टी."

जर्मनमध्ये 'हाल्ब झीबेन' म्हणजे सातच्या दिशेने अर्धं, म्हणजे साडेसहा. ब्रिटिश बोलण्यात 'हाफ सेव्हन' म्हणजे हाफ पास्ट सेव्हन, साडेसात. शब्द तेच, क्रम तोच, व्याकरणात काही चूक नाही, आणि मध्ये एक तास. सात वाजता डेटाच्या बॅकअपचं काम लागलेलं होतं. सर्व्हर साडेसहाला बंद झाला असता तर बॅकअप झालाच नसता, आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांना त्याचा पत्ताही नसता.

तेव्हापासून मी कॉलमध्ये जरा कान देऊन ऐकायला लागले आहे. एक गोष्ट ठळकपणे जाणवली. ब्रिटिश सहकारी रजेवर असतो तेव्हा कॉल जास्त चांगले होतात. माणूस अतिशय सज्जन आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तो नसताना सगळे सावकाश बोलतात, छोटी वाक्यं करतात, एकमेकांना थांबवून विचारतात. तो आला की वेग वाढतो, वाक्प्रचार येतात, आणि पोलिश आणि जपानी सहकारी हळूहळू गप्प होतात. एकदा तो म्हणाला, "लेट्स प्ले इट बाय इअर," म्हणजे वेळ येईल तसं ठरवू. नंतर जपानी सहकारिणीने मला वेगळा मेसेज करून विचारलं, "कुठल्या वर्षी?" तिने 'इअर'चं 'यिअर' ऐकलं होतं. कॉलमध्ये विचारायचा तिला धीर झाला नव्हता.

जगात आज इंग्रजीत जे बोलणं चालतं त्यातलं बरंचसं अशाच लोकांमध्ये चालतं, ज्यांच्यापैकी कुणीच इंग्रजी आईकडून शिकलेलं नाही. मग या इंग्रजीचं 'चांगलं' कशावर ठरवायचं? शाळेत मला शिकवलं ते जन्माने इंग्रजी असणाऱ्यासारखं बोलायला. कामात उपयोगी पडलं ते ब्राझीलच्या सहकाऱ्याचं मध्येच थांबवून विचारणं. तुमच्या क्षेत्रात काय अनुभव आहेत? सविस्तर लिहा.

नवीन_वही

ताई, त्या जपानी सहकारिणीच्या जागी मी रोज असते. सहा महिने झाले नोकरीला. समजलं नाही तरी मान डोलावते आणि नंतर रेकॉर्डिंग ऐकते. पुन्हा विचारलं तर 'हिला इंग्रजी येत नाही' असं वाटेल याची भीती. इथे सगळे काय लिहितात ते वाचत राहीन.

दर्यावर

धाग्याचा विषय म्हणजे आमचं रोजचं जगणं. मी व्यापारी जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. आमच्या जहाजावर वीस-बावीस माणसं आणि चार-पाच मातृभाषा. बंदरात शिरताना वाट दाखवणारा पायलट चढतो तो आणखी वेगळ्याच भाषेचा. व्हीएचएफवर, म्हणजे जहाजाच्या रेडिओवर, समोरचं जहाज कुठलं आणि बोलणारा कोण, काही माहीत नसतं.

आमच्याकडे हा प्रश्न 'चांगलं इंग्रजी शिका' म्हणून सोडून दिला गेला नाही. 1980 च्या दशकात नाविक आणि भाषातज्ज्ञांनी मिळून 'सीस्पीक' हे समुद्रावर बोलायचं ठरावीक, सोपं इंग्रजी तयार केलं. पुढे 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठरावीक वाक्यांचा संच स्वीकारला, तो आम्हाला शिकावाच लागतो. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे वाक्याच्या आधी ते वाक्य कसलं आहे हे सांगायचं. असे आठ शब्द आहेत: इन्स्ट्रक्शन, ॲडव्हाइस, वॉर्निंग, इन्फर्मेशन, क्वेश्चन, आन्सर, रिक्वेस्ट, इंटेन्शन. "क्वेश्चन. व्हॉट इज युअर कोर्स?" ऐकणाऱ्याला पहिल्याच शब्दात कळतं की आता उत्तर द्यायचंय. आवाजाच्या चढउतारावरून प्रश्न ओळखायची गरज पडत नाही, आणि तो चढउतार तर प्रत्येक भाषेत वेगळा.

'मे', 'कॅन', 'शुड' हे शब्द टाळायचे. "मे आय एंटर द फेअरवे?" (फेअरवे म्हणजे जहाजांचा जलमार्ग) यात परवानगी मागतोय की शक्यता सांगतोय हे खरखरत्या रेडिओवर कळत नाही. त्याऐवजी "क्वेश्चन. डू आय हॅव परमिशन टू एंटर द फेअरवे?" आकडे सुटे बोलायचे. दीडशे म्हणजे 'वन-फाइव्ह-झीरो'. अपवाद फक्त सुकाणूच्या अंशांचा, तिथे 'फिफ्टीन', 'ट्वेंटी' असंच म्हणतात.

आणि प्रत्येक हुकूम परत म्हणायचा. मी "स्टारबोर्ड टेन" (सुकाणू उजवीकडे दहा अंश) म्हणालो की सुकाणूवरचा माणूस "स्टारबोर्ड टेन" म्हणतो, सुकाणू तिथे पोचलं की पुन्हा सांगतो. रात्री दोन वाजता, झोप डोळ्यांवर असताना, फिलिपिनो सुकाणूवाला आणि मी, दोघंही अशा भाषेत बोलतो जी आमच्यापैकी कुणी घरी बोलत नाही. त्या परत म्हणण्यावर माझा माझ्या इंग्रजीपेक्षा जास्त भरवसा आहे.

भाषा नसली तर काय होतं तेही सांगतो. 1990 मध्ये 'स्कँडिनेव्हियन स्टार' या प्रवासी जहाजाला आग लागली, 159 माणसं गेली. कर्मचाऱ्यांतल्या काहींना प्रवाशांची भाषाही येत नव्हती आणि इंग्रजीही. आमच्या प्रशिक्षणात ही घटना ऐकली तेव्हा वर्गात कुणी बराच वेळ बोललं नव्हतं.

@नवीन_वही, आमच्याकडे पुन्हा न विचारणारा माणूस धोक्याचा समजतात. विचारणाऱ्याला कुणी हसत नाही.

वाऱ्याची_दिशा

दर्यावर यांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. मी हवाई वाहतूक नियंत्रणात काम केलंय, आता निवृत्त. आमच्या नियमांमागे अपघातांची मोठी यादी आहे. त्यातले दोनच सांगतो, कारण या धाग्याचा प्रश्न त्यांत नेमका दिसतो.

27 मार्च 1977. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं, धावपट्टीवर दोन जंबो विमानं, एक डच आणि एक अमेरिकन. डच विमानाचा सहवैमानिक रेडिओवर म्हणाला, "वी आर नाऊ ॲट टेकऑफ." स्पॅनिश नियंत्रकाने त्याचा अर्थ घेतला, उड्डाणाच्या जागी उभे आहोत. विमान प्रत्यक्षात धावायला लागलं होतं. चालू क्रिया सांगायची डच भाषेची जी पद्धत आहे ती त्या 'ॲट'मध्ये उतरली असावी, असं भाषातज्ज्ञांनी नंतर मांडलं. नियंत्रक "ओके" म्हणाला आणि पुढे थांबायला सांगत होता, पण त्याच वेळी अमेरिकन विमानही बोललं, दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले आणि डच कॉकपिटमध्ये स्पष्ट ऐकू गेलं ते एवढंच 'ओके'. 583 माणसं मेली. धुकं, गर्दी, घाई अशी कारणं पुष्कळ होती, पण तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा असा दंडक झाला. एरवी 'डिपार्चर'.

दुसरा अपघात 25 जानेवारी 1990 चा, न्यूयॉर्कजवळ. कोलंबियाहून आलेलं विमान खराब हवामानामुळे तासाभरापेक्षा जास्त घिरट्या घालत होतं, इंधन संपत आलेलं. कॅप्टनने सहवैमानिकाला सांगितलं, इमर्जन्सी आहे असं कळव. सहवैमानिक रेडिओवर म्हणाला, "वी आर रनिंग आउट ऑफ फ्युएल." आधी 'प्रायॉरिटी' हा शब्दही वापरून झाला होता. 'इमर्जन्सी' हा शब्द मात्र शेवटपर्यंत रेडिओवर आला नाही. नियंत्रकासाठी सगळी यंत्रणा हलते ती त्या एका शब्दावर. 158 पैकी 73 जण गेले. सहवैमानिकाचं वाक्य व्याकरणाच्या परीक्षेत पूर्ण गुण मिळवेल असं होतं. मला आजही ते वाक्य आठवलं की पोटात कालवतं.

1996 मध्ये हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन 349 जण गेले, त्या मालिकेनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भाषेचे सहा स्तर ठरवले आणि 2008 पासून चौथा स्तर किमान केला. उच्चार, रचना, शब्दसंपदा, ओघ, आकलन आणि संवाद असे सहा निकष, आणि सहांपैकी जो सगळ्यात कमी तोच तुमचा स्तर. ब्रिटिश किंवा अमेरिकन उच्चार हवेत अशी अट कुठेही नाही, समजण्याच्या आड येऊ नयेत एवढीच. शब्दवाट, तुमच्या ब्रिटिश सहकाऱ्यासाठीही त्यात सूचना आहे: ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनी आपलं बोलणं इतरांना समजेल असं जपून करावं, ही त्यांची नैतिक जबाबदारी. आमच्या कामात मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो भराभर, गावगप्पांच्या सुरात बोलणाऱ्या इंग्रजीभाषक वैमानिकांचाच.

पानगळ

थोडा वेगळा सूर लावते. मी तांत्रिक पुस्तिकांचं संपादन करते. 'समजलं ना, मग झालं' हे बोलण्यात ठीक आहे, कारण समोरचा माणूस थांबवून विचारू शकतो. कागद वाचणारा कुणाला विचारणार?

साधं उदाहरण. मराठीत आपण 'शुक्रवारपर्यंत पाठवा' म्हणतो आणि 'शुक्रवारपर्यंत वापरा'ही म्हणतो. एकच 'पर्यंत'. इंग्रजीत पहिल्याला 'बाय', दुसऱ्याला 'टिल'. आपल्या लोकांच्या मेलमध्ये 'सेंड इट टिल फ्रायडे' सर्रास असतं. जर्मनांचंही तेच होतं, त्यांच्याकडेही दोन्हीला एकच 'बिस'. मेलमध्ये फार तर हसू येईल. पण 'व्हॉल्व्ह सहा वाजेपर्यंत बंद करा' आणि 'व्हॉल्व्ह सहा वाजेपर्यंत बंद ठेवा' यांत गोंधळ झाला तर? एका पुस्तिकेच्या मसुद्यात मी असं वाक्य पकडलेलं आहे. लिहिणारा इंग्रजी उत्तम बोलायचा.

विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाची नियमावली 1986 पासून आहे. साधारण 900 मान्य शब्द, एका शब्दाला एकच अर्थ. 'फॉलो' म्हणजे मागून येणं, एवढंच. 'सूचना फॉलो करा' असं लिहायचं नाही, तिथे 'ओबे'. कृतीचं वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचं. ही नियमावली इंग्रजी ढिलं करत नाही, उलट करकचून आवळते. तेव्हा या धाग्याचा अर्थ कुणी 'कसंही लिहा' असा घेऊ नये अशी मनापासून विनंती.

आडवाट

@पानगळ, तुमचा मुद्दा लिखाणासाठी पूर्ण मान्य. बोलण्याबद्दल मात्र अभ्यास बराच झालाय. व्हिएन्ना विद्यापीठात बार्बरा झाइडलहोफर यांच्या पुढाकाराने अशा संभाषणांचा दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला, बोलणारे बहुतेक सगळे दुसऱ्या भाषांतले. त्या कामातून दिसलं ते असं की 'ही गो'सारखा क्रियापदाचा एस गळणं, 'डिस्कस अबाउट', 'इन्फर्मेशन्स' असल्या, शाळेत लाल शाईने गोल केल्या जाणाऱ्या चुका संवादाला फारशा आड येत नाहीत. आड येतो तो एकाच बाजूला माहीत असलेला वाक्प्रचार. धाग्यातल्या 'प्ले इट बाय इअर'चं नेमकं तेच झालं.

ॲलन फर्थ यांचा 1996 चा अभ्यास मला फार आवडतो. डॅनिश निर्यातदारांचे परदेशी ग्राहकांशी झालेले फोन त्यांनी बारकाईने तपासले. लोक न कळलेला शब्द सोडून देतात, पुढच्या बोलण्यातून उलगडेल या भरवशावर. एका फोनमध्ये ग्राहक म्हणतो, सीमाशुल्कात चीज 'ब्लोइंग' झालंय. विक्रेता "आय सी" म्हणतो. थोड्या वेळाने मात्र त्याला विचारावंच लागतं, 'ब्लोइंग' म्हणजे काय, फार मोठं झालं का? तेव्हा कळतं, खराब झालं. @नवीन_वही, तुम्ही मान डोलावता ती सगळेच डोलावतात, अनुभवी व्यापारीसुद्धा. कुठलं सोडून द्यायचं आणि कुठे थांबवायचं हे कळणं हेच खरं कौशल्य.

अवांतर: वेगवेगळ्या मातृभाषांच्या लोकांच्या सामाईक भाषेला 'लिंग्वा फ्रँका' म्हणतात, ते नाव मुळात भूमध्य समुद्रावरच्या खलाशी आणि व्यापाऱ्यांच्या मिश्र बोलीचं. ती इटालियन, स्पॅनिशसारख्या भाषांची सरमिसळ होती. कुणाचीच मातृभाषा नव्हती आणि तरी काही शतकं चालली.

उंबरठा

मी मोठ्यांना इंग्रजी बोलायला शिकवते. आडवाट यांनी व्याकरणाबद्दल लिहिलं, मी उच्चारांबद्दल लिहिते, कारण तिथे आपण मराठी माणसं भलत्याच गोष्टींवर घाम गाळतो.

जेनिफर जेनकिन्स यांनी 2000 साली मांडलं की वेगवेगळ्या भाषांच्या लोकांनी एकमेकांना समजायला इंग्रजीचे सगळे उच्चार लागत नाहीत, एक गाभा लागतो. 'थिंक'मधला दातांत जीभ धरून काढायचा आवाज त्या गाभ्यात नाही. वैमानिकांच्या आकड्यांत तर 'थ्री'ला अधिकृतपणे 'ट्री' आणि 'थाउजंड'ला 'टाउजंड' म्हणतात ना, वाऱ्याची_दिशा काका? गाभ्यात आहे ती स्वरांची लांबी: 'लिव्ह' आणि 'लीव्ह', 'फिल' आणि 'फील'. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो काटेकोर, बोलताना मात्र बरेचदा एकच करतो. जपून बोलायची जागा ती.

आणि एक, जे मराठीत कुणी सांगत नाही. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क थोडी हवा सोडून येतात. तोंडासमोर तळहात धरून पाहा. आपण 'पेअर' कोरडा प काढून म्हणतो आणि समोरच्या पोलिश माणसाला चालतं, पण बऱ्याच जणांना तो 'बेअर' ऐकू येतो. आपल्याकडे ती हवा आधीच आहे, 'खडू'मधल्या खमध्ये, 'ठसा'मधल्या ठमध्ये. त्याच्या अर्धी सोडली तरी पुरते. माझ्या एका विद्यार्थ्याला फोनवर आडनाव दर वेळी तीनदा सांगावं लागायचं. त्याने एवढी एक गोष्ट बदलली आणि एकदाच सांगायला लागला.

व्याकरणात मी एकच जागा हट्टाने शिकवते. "डोन्ट यू हॅव द फाइल?" मराठी माणूस म्हणतो, "येस." त्याच्या मनात असतं, 'हो, नाहीये.' विचारणारा समजतो, फाइल आहे. जपानी बोलणाऱ्यांचंही अगदी असंच होतं, म्हणून मराठी आणि जपानी माणूस एकमेकांशी बोलताना बिनसत नाही आणि तिसरा आला की बिनसतं. नुसतं 'येस' कधीच म्हणू नका. "आय डोन्ट हॅव इट." पूर्ण वाक्य.

वाऱ्याची_दिशा

हो, 'ट्री' आणि 'टाउजंड' बरोबर. 'फाइव्ह'ला 'फाइफ' आणि 'नाइन'ला 'नायनर', कारण नुसते असले तर रेडिओवर ते एकमेकांसारखे ऐकू येतात. तळहाताचा प्रयोग बायकोसमोर करून पाहिला, दोघांचेही प कोरडे निघाले.

शब्दवाट

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळं वाचून काल ब्रिटिश सहकाऱ्याशी फोनवर बोलले. आधी मनात धाकधूक होती. त्याला 'हाफ सेव्हन'ची आठवण दिली आणि सांगितलं की तू वेगात गेलास की दोघं गप्प होतात. तो खरंच चकित झाला. म्हणाला, मला वाटायचं त्यांना काही म्हणायचं नसतं. पुढे म्हणाला, मी कधी दुसऱ्या भाषेत काम केलेलं नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला काय जड जातं हे मला कधी कळलंच नाही.

ही बाजू मी धाग्यात लिहिली नव्हती. आपण दुसऱ्याच्या भाषेत अडखळलेलो असतो, म्हणून अडखळणारा ओळखू येतो. त्याला हे शिकायची वेळच आली नव्हती. आता आम्ही ठरवलंय की वेळ नेहमी 24 तासांच्या घड्याळाने सांगायची आणि कॉलच्या शेवटी निर्णय ज्याला अमलात आणायचाय त्याने आपल्या शब्दांत परत सांगायचे. दर्यावर यांच्या सुकाणूवाल्याकडून उचललं आहे हे.

@पानगळ, 'पर्यंत' वाचून माझे जुने मेल उघडले. तीन ठिकाणी 'टिल फ्रायडे' सापडलं.

नवीन_वही

आज विचारलं. कॉलमध्ये एक जण म्हणाला, इतके युजर्स आधी हलवू. मला 'फिफ्टीन' वाटलं, खात्री नव्हती. माइक सुरू करेपर्यंत हात गार पडले होते. "सॉरी, फिफ्टीन ऑर फिफ्टी?" फिफ्टीनच होतं. पण चॅटमध्ये लगेच दोघांचे मेसेज आले की त्यांनी पन्नास लिहून घेतले होते. त्यातला एक माझा सीनियर.

दर्यावर

शाब्बास! पुढच्या वेळी त्यांना 'वन-फाइव्ह' म्हणायला सांगा.